चाचणी त्याची आहे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी रात्री उशिरा आलेला तुझा निरोप मी बुधवारी सकाळी वाचला आणि उत्तर लिहूनच कळवायचे ठरवले, कारण फोनवर मी तुझी समजूत काढत बसेन आणि जे खडसावून सांगायचे आहे ते राहून जाईल. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, पाथर्डी फाट्याजवळ चौघांबरोबर एका खोलीत राहणारा एक मुलगा तुझ्याकडून एचआयव्ही स्वचाचणीचे किट घेऊन गेला. त्याने सांगितलेले नाव खोटे असावे असे तुला वाटते. दोन दिवसांनी तू फोन केलास तेव्हा नंबर बंद होता. तुझ्या तक्त्यातला निकालाचा रकाना रिकामा राहिला, समन्वयकांनी बैठकीत सर्वांसमोर त्यावर बोट ठेवले, आणि आता तुझी झोप उडाली आहे. ‘मॅडम, त्याला समोर बसवूनच चाचणी करून घ्यायला हवी होती का?’ असे तू विचारतोस.

नाही. चाचणी त्याची आहे. ती तुझी नाही, आणि तुमच्या तक्त्याची तर मुळीच नाही.

तू काळजी करतोस ती किट दिल्यानंतरच्या दिवसांची. मला काळजी वाटते ती किट देण्याआधीच्या पाच मिनिटांची, कारण तेवढीच तुझ्या हातात होती. वरच्या आणि खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदाच फिरवायची, कुपीतल्या द्रावणात उभी ठेवायची आणि २० मिनिटांनंतर पण ४० मिनिटांच्या आत वाचायची, हे तू त्याला स्वतः करून दाखवलेस, की पत्रक हातात देऊन मोकळा झालास? आधीची १५ मिनिटे काही खायचे-प्यायचे नाही हे सांगताना तंबाखूचे नाव घेतलेस का? ‘तंबाखू खाणे’ असे आपण म्हणतो खरे, पण ते खाण्यात कोणी धरत नाही. दुसरी रेघ म्हणजे बाधेची शंका, आणि ती कितीही फिकट उमटली तरी रेघच मानायची. मात्र तो अंतिम निकाल नसतो, बाधा आहे की नाही हे सरकारी केंद्रात वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या झाल्यावरच ठरते, हे सांगितलेस का? आणि एकच रेघ आली तरी गेल्या तीन महिन्यांतल्या संबंधांबद्दल ती पट्टी खात्रीने काही सांगू शकत नाही, कारण ती विषाणू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. पत्रकांत याला ‘गवाक्ष काळ’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला खिडकीखेरीज काही आठवत नाही. तू सरळ ‘तीन महिने’ म्हण. ज्याची एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, आधीच सुरू आहे त्याने हे किट वापरू नये, कारण औषधांमुळे निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ज्याला कालपरवाच्या प्रसंगाची धास्ती आहे त्याला तर किट देऊन वाटेला लावणे हा अपराध आहे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायला हवे, कारण संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

हे सगळे सांगितले असशील तर तुझे काम झाले. सांगितले नसशील तर वाईट वाटून घे, पण त्याचेच. त्याचा फोन बंद आहे याचे नको.

आता त्या खोट्या नावाविषयी. रेल्वेच्या कडेने भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असे रंगवलेले तू लहानपणापासून पाहत आला आहेस. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, तिथे शंभर वर्षांनंतरही शरीराच्या एका भागाच्या आजारांना गुप्त म्हणावे लागते, ते असो. पण असल्या जाहिराती रंगवून लॉजमध्ये बसणाऱ्या भोंदूकडे माणसे का जातात याचा विचार आपल्या लोकांनी कधी केला नाही. तो बरे करत नाही, पैसे उकळतो, आणि तरीही त्याच्याकडे रांग असते, कारण तो संध्याकाळी भेटतो आणि नाव विचारत नाही. आपली केंद्रे पहिल्या पाळीच्या वेळेत उघडतात आणि दुसरी पाळी सुटण्याच्या कितीतरी आधी बंद होतात. कंत्राटी मुलाला एका चाचणीसाठी एक खाडा पडतो, केसपेपरच्या खिडकीपाशी मोठ्याने कारण सांगावे लागते, आणि मग आपणच बैठकीत म्हणतो की तरुण पुढे येत नाहीत. औषध त्या भोंदूकडे नव्हते, दार मात्र होते. आपल्याकडे औषध होते आणि दारात मी बसले होते.

होय, मी. हे तुला आजवर सांगितले नव्हते.

२००५ च्या सुमारास मी जिल्ह्यातल्या एका केंद्रावर समुपदेशक होते. गावाचे नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कांद्याच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर माझ्याकडे तीनदा आला. पहिल्यांदा त्याने विचारले, ‘नाव न लिहिता होईल का?’ मी म्हटले, होणार नाही. आमच्या नोंदवहीत नाव, गाव, तालुका असे रकाने होते, रिकाम्या रकान्याभोवती वरिष्ठ लाल शाईने गोल करत, आणि माझ्या वहीत लाल गोल नसणे हा माझा अभिमान होता. दुसऱ्यांदा मी त्याला पाऊण तास समजावले. चांगले समजावले, आजही मला तसेच वाटते. तिसऱ्यांदा तो नाव सांगायच्या बेताने आला आणि खुर्चीवर बसला, तेवढ्यात झाडू मारणाऱ्या मावशी आत आल्या. त्या त्याच्या शेजारच्या गावच्या निघाल्या. ‘पाणी पिऊन येतो,’ असे म्हणून तो उठला आणि गेला. मी वहीत ‘चाचणीपूर्व समुपदेशन पूर्ण, चाचणीस नकार’ असे लिहिले. त्याने नकार दिलाच नव्हता.

सव्वा वर्षाने गरोदर स्त्रियांच्या चाचण्यांत एक निकाल पॉझिटिव्ह आला. तिच्याबरोबर आलेला नवरा दारातच उभा राहिला. त्याने मला ओळखले आणि मीही त्याला ओळखले. त्या काळी प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरॅपिन या औषधाचा एकच डोस देत असत. तो दिला, आणि अठराव्या महिन्यात बाळ निगेटिव्ह निघाले. हे शेवटचे वाक्य मी पुढे कितीतरी प्रशिक्षणांत सांगितले आणि आधीची गोष्ट गाळली. तो पहिल्यांदा आला तेव्हा बाधित होता की नंतर झाला, हे कोणालाच सांगता येणार नाही, असा युक्तिवादही मी स्वतःशी पुष्कळदा केला आहे. युक्तिवाद बिनचूक आहे. त्याचा उपयोग होत नाही.

एवढे झाल्यावर मी सुधारले असेन, असे तुला वाटेल. २०१६ च्या अखेरीस, जागतिक एड्स दिनाच्या तोंडावर, जागतिक आरोग्य संघटनेने स्वचाचणीची शिफारस केली. त्यानंतरच्या एका बैठकीत स्वचाचणीला सर्वांत मोठ्या आवाजात विरोध करणारी मीच होते. माणूस संडासाची कडी लावून एकटा निकाल पाहील आणि जिवाचे काही बरेवाईट करून घेईल, समुपदेशनाशिवाय चाचणी म्हणजे क्रौर्य आहे, असे मी म्हणाले आणि टाळ्याही मिळवल्या. माझा विरोध अगदीच पोकळ होता असे मी आजही मानत नाही. १ एप्रिल २००४ पूर्वी सरकारी एआरटी मोफत मिळत नव्हती आणि सुरू झाल्यावरही काही वर्षे ती मोजक्याच केंद्रांवर होती. तेव्हा निकाल सांगायचा म्हणजे हातात काही नसताना सांगायचा, त्यामुळे शेजारी कोणीतरी बसलेले असणे हेच काय ते औषध होते. आमची ती खुर्ची तिथून आली आणि ती मिळवण्यासाठी आम्ही भांडलो आहोत. पण २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार द्यायचे धोरण आले, दिवसाला एका गोळीवर माणसे कामधंदा करत म्हातारी होऊ लागली, विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली राहिले तर शारीरिक संबंधातून संसर्ग होत नाही हे सिद्ध झाले, आणि मी मात्र जुन्या भीतीचा नियम नव्या काळात तसाच चालवत राहिले. ज्या बऱ्यावाइटाची मी धास्ती घातली होती, त्याच्या नोंदी स्वचाचणी रुळलेल्या देशांत फार विरळ आहेत.

माझे मत मोडले ते केनियातल्या किसुमू इथल्या एका अभ्यासाने. तो २०१६ मध्येच प्रसिद्ध झाला होता. मी तो बराच उशिरा वाचला. तिथे काही गरोदर आणि बाळंत स्त्रियांना नवऱ्यासाठी घरी न्यायला स्वचाचणीची किटे दिली, तर काहींना नवऱ्याला दवाखान्यात बोलावणारी चिठ्ठी दिली. किट नेलेल्यांपैकी दहांतल्या नऊ जणींच्या जोडीदाराची चाचणी झाली; चिठ्ठी नेलेल्यांत ती जेमतेम निम्म्यांची झाली. मी आयुष्यभर चिठ्ठ्या दिल्या. आपल्याकडे बाईची चाचणी गरोदरपणात होते आणि नवऱ्याची, झालीच तर, तिच्या निकालानंतर. हा उलटा क्रम मी रोज पाहत होते आणि त्यावरचा उपाय समोर आला तेव्हा त्याच्या विरोधात बोलत होते.

म्हणून पुन्हा सांगते, चाचणी त्याची आहे. आणि हे तत्त्व फक्त सोयीच्या बाजूनेच वापरता येत नाही. उद्या एखादा ठेकेदार म्हणेल, ‘माझ्या पोरांसाठी वीस किटे द्या, माझ्यासमोर करून घेतो.’ एखादी आई होणाऱ्या जावयासाठी मागेल, एखादा नवरा बायकोला धाक घालायला नेईल. तिथे तू नाही म्हणायचे आहेस, आणि तुझ्या पाठीशी कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही. ठेकेदाराला कायद्याचे कलम ऐकवत बसू नकोस, किट देऊ नकोस म्हणजे झाले. स्वतः मागायला आलेल्याला मात्र, त्याने नाव रामलाल सांगितले काय आणि शामलाल सांगितले काय, दे.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रकल्पात मला खटकते. किट फक्त एचआयव्हीबद्दल बोलते. ज्याला लघवीला जळजळ आहे किंवा जांघेत गाठ आहे, तो एकच रेघ पाहून निश्चिंत होईल आणि दुसरा एखादा लैंगिक आजार तसाच अंगावर काढील. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या खोक्यांतली औषधे मोफत मिळतात, हे किती जणांना माहीत आहे? किटच्या पाकिटावर तेही छापा. सिव्हिलला ‘या’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, किती वाजेपर्यंत, आणि केसपेपर काढताना काय म्हणायचे, हे लिहा. ‘तपासणीला आलो आहे’ एवढे म्हणणे पुरेसे असते, पण ते आधी कोणी सांगावे लागते.

तो मुलगा परत येईल की नाही हे मला माहीत नाही. निगेटिव्ह आला असेल तर तो बहुधा येणारच नाही आणि त्यात तुझा अपमान नाही. दुसरी रेघ आली असेल तर आठवडाभर, कदाचित महिनाभर, तो कोणालाच फोन करणार नाही आणि मग एका रात्री पाकीट शोधून त्यावरचा नंबर लावील. १०९७ ही मोफत मदतवाहिनी आहे, ती ठळक छापा. पण त्याच्या ओळखीचा आवाज तुझाच आहे. पाकिटावर तुझा जो नंबर आहे तो संस्थेच्या सिमकार्डाचा असून प्रकल्प मार्चमध्ये संपतो, असे तू मागे म्हणाला होतास. मार्चनंतर ते सिमकार्ड कोणाकडे राहणार आणि त्यावर आलेला फोन कोण उचलणार, हे उद्याच्या उद्या समन्वयकांना विचार आणि मला कळव.