बढती नको वाटते, म्हणजे मी संपलो का?

पंचेचाळिशी ओलांडलेली माणसे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या तक्रारीच्या मुळाशी बहुधा एकच काळजी असते. ज्या कामासाठी एकेकाळी जिवाचे रान केले, त्या कामातून आता तेच मिळवावेसे वाटत नाही, आणि हे आळसाचे लक्षण आहे की आजाराचे, हे त्यांना समजत नाही. अशा एका गृहस्थांची हकीगत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे. कंपनीतली तरुण पोरे त्यांना ‘मामा’ म्हणतात, म्हणून मीही तेच संबोधन वापरते.

मामा मूळचे गेवराई तालुक्यातले. वडील दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येत. मामांनी आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केला, वाळूजच्या एका कारखान्यात आधी ठेकेदाराकडे राबले आणि पंचविसाव्या वर्षी ‘पर्मनंट’ झाले. बजाजनगरात दोन खोल्यांचे घर घेतले, मुलाला इंजिनिअरिंगला घातले, मुलीचे लग्न केले. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी कंपनीने त्यांना शिफ्ट इनचार्ज करायचे ठरवले, आणि ज्या पदासाठी त्यांनी दहा वर्षे वाट पाहिली होती, त्या पदाचे पत्र हातात पडल्यावर त्यांची झोप उडाली.

पहिल्या भेटीत ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. कुलंटच्या तेलाने वर्षानुवर्षे काळवंडलेली बोटे एकमेकांत गुंतवून ते म्हणाले, “मॅडम, मला ते इनचार्जपद नको वाटायलंय. साहेब म्हणतेत, मामा, तुमच्यात आता जिद्द राह्यली नाही. घरी बी तेच. बढती कोणी नाकारतं का? मी संपलो का, तेवढं सांगा.”

अशा वेळी ‘या वयात असे होतेच’ असे सांगून माणसाला लगेच धीर देण्याचा मोह आवरावा लागतो. आधी हे पाहायचे असते की नकोसे झाले आहे ते फक्त हे काम आहे, की जगण्यातले सगळेच. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ कशातच आनंद वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे मनात येत असेल, तर तो प्रश्न करिअरचा नसतो, नैराश्याचा असू शकतो, आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडेच जायला हवे. (टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, हे मी प्रत्येकाला लिहून देते.) मामांच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप मोडत होती हे खरे, पण सुट्टीत गावी गेल्यावर ते पहाटे उठून उत्साहाने शेतात जात, नातेवाइकांत मिसळत, आणि पोटभर जेवत.

मग मी त्यांना एक काम दिले. कामाकडून मला काय हवे, हे तीन वेगवेगळ्या पानांवर लिहायचे: पंचविसाव्या वर्षी काय हवे होते, आज काय हवे आहे, आणि साठाव्या वर्षी काय हवे असेल. दोन आठवड्यांनी त्यांनी खिशातली छोटी डायरी माझ्यासमोर ठेवली. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत होते: ‘पर्मनंट ऑर्डर. गाडी. बापूचा कोयता सुटला पाहिजे.’ दुसऱ्या पानावर अक्षर बारीक झाले होते: ‘रात्रीची झोप. कोणी अरे-तुरे करू नये. पोरांना नीट शिकवावं.’ तिसऱ्या पानावर फक्त ‘गावात राहीन, पण बसून खाणार नाही’ एवढेच होते.

डोनाल्ड सुपर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात माणसाच्या कामकाजी आयुष्याचे टप्पे मांडले. साधारण चौदाव्या वर्षापर्यंत वाढ, पुढे चोविशीपर्यंत शोध, चव्वेचाळिशीपर्यंत बस्तान बसवणे, चौसष्टीपर्यंत बसलेले टिकवणे, आणि त्यानंतर हळूहळू हात मोकळे करणे. ही वये मराठवाड्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, असे माझे मत आहे. ऊसतोड कामगाराच्या घरातले लेकरू शोधाच्या वयाआधीच कामाला जुंपले जाते, आणि लातूरच्या क्लासमध्ये बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला शोध येतच नाही, कारण डॉक्टर की इंजिनिअर हे घरच्यांनी त्याच्या वतीने आधीच ठरवलेले असते. सुपरनेही पुढे मान्य केले की माणूस एखाद्या बदलाच्या वेळी हे टप्पे पुन्हा लहान फेऱ्यांत घेऊ शकतो, आणि तो एकाच वेळी कामगार, बाप, नवरा, मुलगा अशा अनेक भूमिका निभावत असतो, ज्यांचे वजन वयानुसार कमीजास्त होते. मामांना हे सांगताना मी डायरीचे पहिले पान उलटून दाखवले आणि विचारले, “यातले काय राहिले आहे?” ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. वडिलांचा कोयता सुटून पंधरा वर्षे झाली होती. त्या पानावरची प्रत्येक गोष्ट पूर्ण झालेली होती, आणि तरीही ते त्याच पानावरचे उत्तर आजच्या प्रश्नाला देऊ पाहत होते.

दुसऱ्या पानावरच्या शेवटच्या ओळीवर आम्ही अधिक वेळ घालवला. “पोरांना काय शिकवता?” असे विचारताच ते खुर्चीत मागे रेलून बसले आणि पहिल्यांदाच हातवारे करून बोलू लागले. नवी ॲप्रेंटिस पोरे मायक्रोमीटर या बारीक मापे घेण्याच्या उपकरणाचा थिंबल, म्हणजे फिरवायचा भाग, बोल्ट आवळावा तसा आवळतात, आणि मग माप चुकते. मामा त्यांना मागचा रॅचेट दोन बोटांनी फिरवायला लावतात, ‘टक टक’ असा आवाज आला की थांबायला सांगतात, आणि तेच माप तीनदा घ्यायला लावतात. “शंभरावा भाग मिलिमीटरचा, मॅडम. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो. ते कळाया पोराला महिना लागतो, अन् कळलं की त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.” एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मध्यमवयाची मुख्य ओढ पुढच्या पिढीला काही देऊन जाण्याची असते असे म्हटले होते. ती ओढ माझ्यासमोर बसली होती. तिला जिद्द संपणे म्हणणे हा त्या माणसावर अन्याय होता.

तरीही केवळ मनाचा कौल घेऊन निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्याकडे एका पगारावर अनेक माणसे उभी असतात. आम्ही कागदावर हिशेब मांडला. कायद्यानुसार कामगाराला जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळतो, मात्र इनचार्ज झाल्यावर मामा स्टाफमध्ये गेले असते आणि त्यांच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यांची ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली असती. पगारवाढीतून ओटी वजा केल्यावर हातात पडणारी वाढ इतकी किरकोळ होती की तिच्यापायी रात्रपाळ्यांची जबाबदारी घ्यावी का, हा प्रश्न घरच्यांनाही पडला असता. दुसरीकडे, रागाच्या भरात नोकरीच सोडून गावी जाण्याचा जो विचार त्यांनी मध्यंतरी केला होता, तोही त्याच कागदावर फिका पडला. ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या शेवटच्या वेतनाप्रमाणे मोजली जाते, पीएफची पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते, आणि मुलाच्या शिक्षणाची दोन वर्षे अजून बाकी होती.

मधला रस्ता मामांनी स्वतःच शोधला. त्यांच्या कंपनीत नव्या मुलांना लाइनवर पाठवण्याआधी शिकवण्यासाठी ‘डोजो’ नावाचा कोपरा आहे, पण तिथे शिकवणारा कोणी टिकत नव्हता. बढती नाकारतो असे न म्हणता, सहा महिने डोजोची जबाबदारी द्या आणि त्या काळात नव्या मुलांच्या कामातले रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे नग, किती घटते ते मोजा, असा अर्ज त्यांनी लिहिला. त्याचा मसुदा आम्ही तीनदा बदलला, कारण पहिल्या दोन मसुद्यांत ते स्वतःची बाजू मांडण्याऐवजी माफी मागत होते. कंपनीने आठवड्यातले तीन दिवस मान्य केले, तेही हुद्दा न बदलता. व्यवस्थापकांना हे पूर्ण पटले आहे असे नाही. मामांना मात्र ते तीन दिवस पुरत आहेत.

चौथ्या भेटीला त्यांची पत्नी सोबत आली. बढती सोडल्याबद्दल तिची नाराजी असणार, असे गृहीत धरून मी हिशेबाचा कागद काढू लागले. तिने तो पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, “यांचं झालं, चांगलं झालं. पण मॅडम, वीस वर्षं हे ड्युटीवर अन् मी घरात. लेक सासरी गेली, पोरगं होस्टेलला. आता माझे दोन्ही हात मोकळे झालेत, तर हे म्हणतेत, आता जरा आराम कर. मला आराम नको. शाळेचे ड्रेस शिवून द्यायचे काम घ्यावं म्हणते मी.”

मामा तिच्याकडे पाहतच राहिले. एकाच घरात एक जण पसारा आवरता घेत होता आणि दुसरी नुकतीच बस्तान बसवायला निघाली होती, हे माझ्याही लक्षात आले नव्हते. आमच्या तीन भेटींत तिचा उल्लेख केवळ ‘घरचे काय म्हणतील’ एवढ्यापुरताच झाला होता, याची मला खंत वाटली. बायकांच्या कामकाजी आयुष्याचा हा उशिरा उघडणारा टप्पा आपण समुपदेशकही अनेकदा हिशेबात धरत नाही.

तिने टेबलावरची डायरी उचलली, मामांची तीन पाने उलटली, पुढचे कोरे पान काढले आणि माझ्याकडे पेन मागितले. पुढच्या गुरुवारची वेळ मी तिच्या नावाने लिहून ठेवली आहे.