देशाची इमर्जन्सी आरोग्यसेवा मजबूत करायची तर पैसा मोठ्या हॉस्पिटलांत घालावा की अँब्युलन्समध्ये?

मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहे. आमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, रुग्ण कल्याण समितीवर तीन वर्षांपासून आहे, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. दोन्हीच्या आधी पीएचसीतली रात्र सुधारा. पेशंटला पुढे रेफर करायचं असेल तर खुशाल करा, पण औषधाचा पहिला डोस तिथंच लागला पाहिजे.

२०१६ चा ऑक्टोबर. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणून मोठा भाऊ ताडपत्री टाकायला गेला आणि गंजीच्या बुडाशी हात घालताच घोणस चावली. वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात. तिथं सिस्टर एकट्याच, डॉक्टर मीटिंगसाठी जिल्ह्याला गेलेले, सापाचं इंजेक्शन कपाटात, कपाटाची चावी फार्मासिस्टकडे आणि फार्मासिस्ट राहतात तालुक्याला. सिस्टर बिचाऱ्या रडकुंडीला आल्या, म्हणाल्या, "भाऊ, इथं थांबू नका, यवतमाळले न्या." १०८ ला फोन केला तर जवळची गाडी दुसरी केस घेऊन गेलेली. मग शेजाऱ्याच्या बोलेरोत टाकून निघालो, साठेक किलोमीटर, अर्धा रस्ता खड्ड्यांचा. वाटेत दादाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तो सारखा रुमालानं तोंड पुसत होता आणि मला विचारत होता, गंजी झाकली का. सापाच्या इंजेक्शनची पहिली बाटली लागली तोवर चावून तीन तास होऊन गेले होते. दादा वाचला, पण घोणसीचं विष किडनीवर जातं, ११ वेळा डायलिसिस करावं लागलं.

औषध तर गावाजवळच होतं ना! ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

अँब्युलन्सचं म्हणाल तर राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, बाकी बेसिक, आणि गाडीत डॉक्टर असतो ही फार चांगली गोष्ट आहे. गाड्या वाढवा, वाढवायलाच पाहिजेत. पण आमच्यासारख्या भागात गाडी यायला वेळ लागणार हे धरूनच चालावं लागतं, तोवर पेशंट पीएचसीतच असतो.

आणि तिथं जे लागतं ते काही कोटींचं नसतं. आमच्या आताच्या डॉक्टर मॅडमनी समितीला एक काचेची ट्यूब दाखवली होती. नवी, कोरडी ट्यूब घ्यायची, दोनतीन मिली रक्त टाकायचं, २० मिनिटं हलवायची नाही, मग तिरपी करून बघायची, रक्त गोठलं नसेल आणि पातळच वाहिलं तर विष चढलंय, लगेच इंजेक्शन सुरू. साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची ट्यूब घेतली तर रिझल्ट चुकतो. एवढी ट्यूब आमच्याकडे नव्हती, समितीच्या पैशातून आणली. इंजेक्शनच्या सुरुवातीलाच साधारण १० बाटल्या लागतात, लहान पोराला पण तेवढ्याच, कारण विष काही पोर बघून कमी सोडत नाही साप. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन शेजारी भरून ठेवायचं. मण्यारच्या केसमध्ये श्वास बंद पडायला लागला तर अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत दाबत न्यावं लागतं, ते सिस्टरला आणि ड्रायव्हरला दोघांनाही यायला पाहिजे.

२०१७ ला कपाशीच्या फवारणीतून विषबाधा झाली ते तुम्ही पेपरात वाचलं असेल, आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो भरती झाले. आमच्या गल्लीतले दोघं होते त्यात. घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा वेळी कपडे काढून साबणानं अंग धुणं आणि अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं इंजेक्शन, सुरुवात याच्यातूनच होते. पण एकाच भागातून असे चार पेशंट आले की त्याच दिवशी जिल्ह्याला फोन गेला पाहिजे, म्हणजे बाकीच्या गावांत दवंडी देऊन फवारणी थांबवता येते. देशाची तयारी देशाची तयारी म्हणतात त्यातला निम्मा भाग हा फोनच आहे असं माझं मत.

गडचिरोलीकडे बघा, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटायचा, म्हणून ज्या बायांचे दिवस भरत आलेत त्यांना पुराच्या आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवतात. पूर यायची वाट बघत नाहीत.

आमच्याकडे आता चावी ड्युटीवरच्या सिस्टरच्या खणात असते. रेफर करताना पुढच्या दवाखान्याला फोन करून कोणता साप, किती वाजता चावला, किती बाटल्या दिल्या हे सांगतात आणि तेच चिठ्ठीवर लिहितात. दर महिन्याला आम्ही दोघंतिघं जाऊन बाटल्या मोजतो, एक्स्पायरी बघतो. तुम्ही पण एकदा रात्री नऊ वाजता तुमच्या पीएचसीत जाऊन विचारा, सापाचं इंजेक्शन किती आहे आणि चावी कोणाजवळ आहे.