फ्लॉवरच्या फ्रेंच सूपमध्ये शेवटी दाणे का येतात?

क्रेम द्यु बारी, म्हणजे फ्लॉवरचे फ्रेंच सूप, अंड्याचा बलक घालेपर्यंत मखमलीसारखे होते आणि वाढण्यापूर्वी गरम करताच त्यात रव्यासारखे दाणे दिसू लागले, असे आपण लिहिले आहे; कुकरमध्ये शिजवलेल्या फ्लॉवरला उग्र वास आल्याचेही आपण कळवले आहे. हे दुःख माझ्या ओळखीचे आहे. लोण्यावर मैदा परतताना त्याला रंग येऊ न देणे, लीकचा (कांद्याच्या जातीच्या लांब पातीच्या भाजीचा) फक्त पांढरा भाग घेणे, या गोष्टी आपल्याला ठाऊक असणार, म्हणून त्या सोडून देते.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातील एका पाककला वर्गात पैसे भरून हे सूप शिकले. त्यांच्या छापील कागदावरची शेवटची सूचना होती : बलक व क्रीम घालून एक उकळी काढावी. घरी बारा पाहुणे बसलेले असताना मी ती तंतोतंत पाळली आणि पातेल्यात फ्लॉवरच्या पाण्यातली अंडाभुर्जी तयार झाली. वर्गात विचारले तर अंडी शिळी असतील, असे उत्तर मिळाले; पुन्हा विचारले तर आच मंद ठेवा, असे सांगितले. त्यांच्यावर विश्वास ठेवून मी आणखी दोन वेळा सूप ओतून दिले. कागद मात्र त्यांनी बदलला नाही.

नुसता बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो. सूपमधील मैद्यामुळे तो थोडी अधिक उष्णता सोसतो, पण उकळी सोसत नाही. म्हणून मी ८० अंशांच्या पुढे जात नाही. लिटरभर सूपसाठी दोन बलक १०० मिलिलिटर क्रीममध्ये फेटावेत, त्यात पळी-पळीने गरम सूप घालत ते मिश्रण कोमट करून घ्यावे आणि मगच आचेवरून उतरवलेल्या पातेल्यात ओतावे. मी व्यावसायिक आचारी नाही, त्यामुळे हे घरगुती अनुभवाचे बोल समजावेत. काटेकोर फ्रेंच परिभाषेत बलक घातलेले सूप ते व्हलूते आणि नुसते क्रीम घातलेले ते क्रेम. त्यामुळे बलक वगळला तरी आपल्या सूपचे नाव खोटे ठरत नाही, उलट अधिक खरे होते. तरीही आपल्याकडील खोक्यातल्या क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, फ्रान्समधील पूर्ण क्रीममध्ये किमान ३० टक्के. स्निग्धांश कमी असलेले क्रीम उकळल्यावर फाटू शकते, त्यामुळे तेही फार उकळू नये.

आपण उल्लेख केलेल्या उग्र वासाचे कारण बहुधा कुकर आहे. फ्लॉवर जास्त शिजला की त्यातील गंधकाचा वास सुटतो, म्हणून तो उघड्या पातेल्यात, तुरा सुरीने सहज चिरला जाईल इतकाच शिजवावा. वरून गरम मसाला किंवा चीज घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर माझ्या मते तो ऐकू नये. चिमूटभर जायफळ आणि पांढरी मिरी पुरे.

उरलेले सूप दुसऱ्या दिवशी गरम करायचे असेल, तर बलक घालण्यापूर्वीच ते वेगळे काढून ठेवावे.