राईड हळूच जाऊ दे

तुझा मेसेज वाचला, परत परत वाचला. मित्र अपघातात गेला त्याच रस्त्यावर त्याच्या आठवणीत सायकल राईड काढायचीय आणि कमिटीतला प्रत्येक जण आपलंच घोडं दामटतोय, कुणाला रेससारखी वेळ मोजणारी टायमिंग चिप हवी, कुणाला मेडल, कुणाला डीजे, नाहीतर म्हणे लोक येणार नाहीत. आणि तू विचारतोस, थोडं थोडं सगळ्यांचं ऐकू का? नको ऐकूस. सगळ्यात हळू सायकल चालवणारं जे कोणी असेल त्याच्या वेगाने राईड जाऊ दे. बाकी कशातही तडजोड कर, यात नाही.

राईड ऑफ सायलेन्स तुला माहीत असेलच. 2003 मध्ये अमेरिकेत डलासला एक सायकलस्वार बसच्या आरशाचा तडाखा बसून गेला, त्याच्यासाठी ती पहिली राईड निघाली, आता दरवर्षी मेच्या तिसऱ्या बुधवारी ठिकठिकाणी निघते. कोणी बोलायचं नाही, हेल्मेट हवंच, वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत, दंडावर काळी पट्टी, आणि स्वतःला कधी गाडीने उडवलं असेल तर लाल. पुढे चाललेल्या किती दंडांवर लाल आहे ते दिसायला लागलं की भाषणं कशाला हवीत?

मला लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. एका वर्षी आमच्या राईडच्या स्पॉन्सरला रेस हवी होती, मी नाही म्हटलं, तो गेला आणि त्याच्याबरोबर बरीच जवळची माणसंही गेली, काही अजून बोलत नाहीत. त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. पण त्याच राईडला, अपघातात गेलेल्या मुलाची आई स्वतः सायकल घेऊन आली होती, कित्येक वर्षांनी चालवत होती, चढावर तिला जमेना म्हणून उतरली आणि हँडल धरून चालायला लागली, तर मागची अख्खी रांग न सांगता उतरली. रेस असती तर ती बाई कुठे असती, सांग ना मला?

आणि हळू जायचं म्हणजे रस्ता अडवायचा नाही. दोन-दोनच्या रांगा, सिग्नल लाल झाला की थांबायचं, ग्रुप तुटला तर तुटू दे, पुढच्यांनी पलीकडे कडेला उभं राहायचं. सगळ्यांच्या मागे एक मार्शल, त्याच्या मागे कोणी राहता कामा नये.

ते 'सुरक्षित चालवा'चे बॅनर मात्र राहू दे रे, त्याने कोणाचा पाय ब्रेकवर जात नाही. गाडीचा वेग 30 चा 60 झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून एकच मागणी लिही, मित्र गेला त्या वळणावर गाड्यांचा वेग कमी करा, नुसता बोर्ड नको, रस्ताच तसा बांधा. आपण तिथून हळू जाऊन तेच तर सांगतोय!

तारीख ठरली नसेल तर नोव्हेंबरचा तिसरा रविवार बघ, रस्ते अपघातात गेलेल्यांचा तो जागतिक स्मृतिदिन, संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये मान्य केलेला. पण त्याआधी मित्राच्या घरी जा. फोटो लावायचा का, त्या जागी पांढरी सायकल (सायकलस्वार गेला तिथे आठवण म्हणून ठेवतात ती) उभी करायची का, हे कमिटी नाही ठरवणार, घरचे ठरवतील. ते नको म्हणाले तर नको, तिथे समजावत बसू नकोस. आणि रूट पाठव मला, चढ किती आहेत ते बघून सांगतो.