पहिल्या ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) कमी बजेटमध्ये खास ट्रायथलॉन बाईक घ्यावी की साधी रोड बाईक?

साधी रोड बाईकच घ्या, ॲल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्कची (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग). चांगल्या अवस्थेतली सेकंड हँड मिळाली तर उत्तमच. सपाट रस्त्यावर वेगात जाताना हवेचा बहुतेक अडथळा सायकलमुळे नव्हे, तर स्वाराच्या शरीरामुळे होतो. त्यामुळे महागड्या फ्रेमपेक्षा तुमची बैठक जास्त वेळ वाचवते, आणि ती सायकलच्या मापावर अवलंबून असते. मापात मात्र अजिबात तडजोड करू नका! सीट वर-खाली करता येते, चुकीच्या मापाची फ्रेम बदलता येत नाही. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ४० किलोमीटर सायकल चालवून लगेच १० किलोमीटर धावायचं असतं. चुकीच्या मापामुळे कंबर आखडली की धावणं बिघडतं. जुनी घेताना फ्रेमला तडे आहेत का ते बघा आणि चेनची झीज मोजून घ्या, कारण फार झिजलेल्या चेनबरोबर बहुधा कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदलावी लागते. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि हेल्मेट. हाताला टेकू देणारे एअरो बार नंतर लावता येतात, फक्त ड्राफ्टिंगला (हवेचा अडथळा टाळायला दुसऱ्या सायकलस्वाराच्या अगदी मागे राहण्याला) परवानगी असलेल्या शर्यतींत त्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा आधी नियमावली वाचा.