वर्ल्ड फेडरल गव्हर्नमेंट: महासंघ, विश्वसरकार की संघराज्य?

विचारणा अशी आली आहे: साऱ्या जगासाठी लोकशाही पद्धतीचं संघीय सरकार असावं म्हणून साध्या नागरिकांनी जी चळवळ चालवली, तिच्यावरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. 'वर्ल्ड फेडरल गव्हर्नमेंट'साठी 'जागतिक महासंघ' लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'विश्वसरकार' केलं. यातलं बरोबर कोणतं? आणि 'ग्रासरूट्स मूव्हमेंट'ला 'तळागाळातली चळवळ' म्हटलं तर चालेल का?

उत्तर आधी देऊन टाकते. 'जागतिक संघराज्य' लिहा. सरकारवरच भर असेल तिथे 'जागतिक संघशासन'. 'विश्वसरकार' एक वेळ खपेल, 'महासंघ' मात्र खपणार नाही. ज्या रचनेला या चळवळीने ठामपणे नकार दिला, नेमकी तीच रचना 'महासंघ' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते.

आपल्याकडे महासंघ म्हटलं की काय आठवतं? शिक्षक महासंघ, कर्मचारी महासंघ, दूध महासंघ. दूध महासंघाचंच पाहा. शेतकरी गावातल्या दूध संस्थेचा सभासद, संस्था तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संघाची सभासद, आणि संघ महासंघाचा. महासंघाला शेतकऱ्याशी काही बोलायचं झालं तर ते संघ आणि संस्था यांच्यामार्फत. महासंघाचे सभासद संघ असतात, माणसं नसतात. राष्ट्रांचा महासंघही असाच चालेल: सभासद राष्ट्रं, ठराव राष्ट्रांचे, आणि ते पाळायचे की नाही हेही राष्ट्रांच्याच मर्जीवर.

जागतिक संघराज्यवाद्यांना यापलीकडे जायचं होतं. ऑगस्ट १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी देशोदेशीच्या संघटना एकत्र जमल्या आणि त्यांनी एक जाहीरनामा मंजूर केला. त्यातल्या मागण्या वाचल्या की कोणता शब्द हवा हे आपोआप ठरतं. सगळ्या राष्ट्रांना सभासदत्व खुलं. राष्ट्रांचं सार्वभौमत्व मर्यादित करून जागतिक बाबींपुरते कायदे करण्याचे, ते अमलात आणण्याचे आणि न्यायदानाचे अधिकार जागतिक संघशासनाकडे. जागतिक कायदा थेट व्यक्तीला लागू, मग ती कोणीही असो आणि कुठेही असो. स्वतंत्र सशस्त्र दल. अणुशक्तीवर ताबा. आणि राष्ट्रांच्या करांवर अवलंबून न राहता स्वतः महसूल उभारण्याचा अधिकार. ज्याला कायदा करता येतो, कर बसवता येतो, माणसाला न्यायालयात उभं करता येतं, ते राज्य आहे. ते राष्ट्रांचं मंडळ किंवा संघटना उरत नाही.

आता समासाकडे पाहू, कारण मराठीने ही सोय आपल्या हाती आयतीच दिली आहे. 'राज्यसंघ' हा राज्यांचा संघ. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान, म्हणजे वजन 'संघ' या पदावर. 'संघराज्य' म्हणजे संघरूप राज्य. इथे वजन 'राज्य' या पदावर. 'कॉन्फेडरेशन' आणि 'फेडरेशन' यांच्यातला जो फरक समजवायला राज्यशास्त्राचे प्राध्यापक अर्धा तास घेतात, तो आपल्या भाषेत दोन पदांची अदलाबदल केल्याने कळतो. मला याचं फार अप्रूप आहे. म्हणूनच अनुवादात 'संघ', 'महासंघ', 'संघराज्य' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले की वाईट वाटतं. एकच शब्द सारखा येतो म्हणून आलटून पालटून लिहायचा मोह होतो खरा, पण इथे तो टाळा.

या चळवळीने 'फेडरल' हा शब्द निवडला त्यामागे अमेरिकेचा इतिहास होता. १७८१ ची तिथली पहिली व्यवस्था राज्यसंघाची होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नसे. ती राज्यांकडे पैसे मागायची, आणि राज्यं द्यायची किंवा द्यायची नाहीत. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला नवी राज्यघटना लिहिली गेली आणि केंद्राचा कायदा सरळ नागरिकाला लागू झाला. दीडशे वर्षांनंतरचे जागतिक संघराज्यवादी हाच दाखला पुन्हा पुन्हा देत: तेरा राज्यांना जे जमलं ते जगाला का जमू नये? हा युक्तिवाद पटो न पटो, तो समजण्यासाठी तरी संघ आणि संघराज्य वेगळे ठेवायला हवेत.

इथे मराठी वाचकाची एक अडचण आहे. 'संयुक्त राष्ट्रसंघ' हे नाव आपण इतकी वर्षं घेत आलो आहोत की 'जागतिक संघ' म्हटलं की 'तो तर न्यूयॉर्कला आहेच की' असा प्रश्न येतो. पण १९४५ च्या सनदेचं दुसरं कलम सुरू होतं तेच सर्व सभासदांच्या सार्वभौम समानतेपासून. १९३ सभासद राष्ट्रं, आमसभेत प्रत्येकाला एक मत, सुरक्षा परिषदेत पाच जणांना नकाराधिकार, आणि तुम्ही-आम्ही निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नाही. या रचनेला 'संघ' म्हणणं अगदी चपखल आहे. म्हणून तर पुढच्या पायरीला दुसरा शब्द पाहिजे. आमसभेच्या जोडीला लोकप्रतिनिधींची सभा असावी, ही मागणी आजच्या कार्यकर्त्यांनी लावून धरली आहे. तिला 'संयुक्त राष्ट्रांची संसदीय सभा' म्हणता येईल.

कोणी हरकत घेईल की आपल्या संविधानात तर 'संघ' आहे. हो, पहिल्याच अनुच्छेदात भारत हा 'राज्यांचा संघ' असेल असं म्हटलं आहे, आणि तिथे 'संघ' हा 'युनियन'साठी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी या निवडीचं कारण सांगितलं: भारताचं संघराज्य घटक राज्यांमधल्या करारातून जन्मलेलं नाही, आणि म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. रचना संघराज्याची, नाव मुद्दाम 'युनियन'. त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं की व्यवस्था दुहेरी असली तरी नागरिकत्व एकच राहील. हे अनुवाद करताना ध्यानात ठेवण्यासारखं आहे. 'संघराज्य' ऐकताना आपण एकेरी नागरिकत्व गृहीत धरतो. जागतिक संघराज्याच्या बहुतेक आराखड्यांत माणूस आपल्या देशाचा आणि जगाचा, असा दोन्हींचा नागरिक राहतो. तिथे एखादं स्पष्टीकरणाचं वाक्य घालावं. शाळेतल्या नागरिकशास्त्रातल्या संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूचीची आठवण करून दिली तरी काम होईल: या तिन्हींच्या वर आणखी एक छोटी सूची, जिच्यात फक्त युद्ध, अण्वस्त्रं, हवामान असे कोणत्याही एका देशाला न पेलणारे विषय.

'जागतिक संघराज्य' हा शब्दप्रयोग मी कुठून तरी घडवून आणते आहे असं कृपया समजू नका. ही कल्पना मुंबईत जाहीरपणे मांडली गेली आहे, तीही माँत्रोच्या पाच वर्षं आधी. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'छोडो भारत'चा ठराव मंजूर केला. नेहरूंनी तो मांडला, पटेलांनी अनुमोदन दिलं. 'करेंगे या मरेंगे' आपल्या सर्वांना पाठ आहे, पण ठरावातला एक मोठा परिच्छेद आपण विसरून गेलो. त्यात म्हटलं आहे की जगाची भावी शांतता, सुरक्षितता आणि सुव्यवस्थित प्रगती यांसाठी स्वतंत्र राष्ट्रांचं जागतिक संघराज्य हवं. ते झालं की सर्व देशांत निःशस्त्रीकरण शक्य होईल, राष्ट्रीय सैन्यांची गरज उरणार नाही, जागतिक संघराज्याचं संरक्षण दल शांतता राखेल, आणि स्वतंत्र भारत अशा संघराज्यात आनंदाने सामील होईल. स्वातंत्र्य अजून पाच वर्षं दूर, नेते पहाटे तुरुंगात जाणार, आणि ठरावात ही ओळ! ती आज ऑगस्ट क्रांती मैदानावर येणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? तुमच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत तिला जागा मिळाली तर मला मनापासून आनंद होईल.

आता 'विश्व' की 'जागतिक'. अर्थाने फारसा फरक नाही, कानाला मात्र आहे. 'विश्व' आपल्याकडे संतवाणीतून आलं आहे. त्यात चराचर येतं, प्रार्थना येते. 'जागतिक' हा कचेरीतला शब्द: जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना. या चळवळीला करवसुली आणि न्यायालयं यांबद्दल बोलायचं आहे, म्हणून मी 'जागतिक'च्या बाजूने आहे. भावनेचा सूर असेल तिथे 'विश्व' अवश्य आणा. 'वर्ल्ड सिटिझन'ला 'विश्वनागरिक' म्हणणं मला 'जागतिक नागरिक'पेक्षा जास्त आवडतं. 'जगत्' हे तिसरं रूपही आपल्याला जवळचं आहे. विनोबांनी भूदानाच्या पदयात्रांमध्ये 'जय जगत' ही घोषणा रुजवली ती 'जय हिंद'च्या पुढचं पाऊल म्हणून. त्यांच्या विचारात गाव आणि जग ही दोन टोकं बळकट, मधले थर विरळ. सरकारच्या रचनेचा तपशील त्यांना महत्त्वाचा नव्हता, त्यामुळे त्यांना 'संघराज्यवादी' म्हणणं ताणल्यासारखं होईल.

लेखात 'सॉव्हरिन्टी' येणारच, आणि 'सार्वभौमत्व'ला पर्याय नाही. पण या विषयात त्या शब्दाशी थोडं थांबावं. सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम, अशी त्याची व्युत्पत्ती पाणिनीपासून चालत आली आहे. जुन्या ग्रंथांत सार्वभौम राजा म्हणजे समुद्रवलयांकित पृथ्वीचा स्वामी, एका वेळी एकच असणारा. आज १९३ राष्ट्रं आपापल्या कुंपणात सार्वभौम आहेत. शब्दाचा अर्थ 'सगळ्या भूमीवर सत्ता'कडून 'आपल्या भूमीवर दुसऱ्या कोणाची सत्ता नाही'कडे सरकला. हे सरकणं चुकीचं नाही, भाषा अशीच चालते. पण 'सार्वभौमत्व मर्यादित करणे' हे वाक्य मराठीत जरा अडखळतं, त्याचं मूळ इथे आहे. 'सार्वभौम अधिकारांपैकी काही अधिकार जागतिक संघराज्याकडे सोपवणे' असं लिहिलं की वाक्य सरळ चालतं आणि आशयही अधिक अचूक होतो.

'ग्रासरूट्स'कडे येते. 'तळागाळातली' टाळा. मराठीत तळागाळ म्हणजे उपेक्षित, वंचित, गरीब थर. या चळवळीतली माणसं सत्तेत नव्हती, पण तळागाळातलीही नव्हती. १९३७ मध्ये जागतिक सरकारासाठी संघटित मोहीम सुरू केली ती रोझिका श्विमर आणि लोला मॅव्हरिक लॉइड या दोन स्त्रियांनी. श्विमर मूळच्या हंगेरीच्या, शांततावादी. हाती शस्त्र घेणार नाही म्हणाल्या म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२९ मध्ये त्यांना नागरिकत्व नाकारलं, आणि त्या शेवटपर्यंत कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. १९४२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल इथे हॅरिस वॉफर्ड या शाळकरी मुलाने विद्यार्थ्यांची संघटना काढली. पुढे तो सिनेटर झाला. गॅरी डेव्हिस हा दुसऱ्या महायुद्धातला बाँबफेकी विमानाचा वैमानिक. २५ मे १९४८ ला त्याने पॅरिसमध्ये आपलं अमेरिकी नागरिकत्व सोडलं, संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरली होती त्या वास्तूच्या आवारात मुक्काम ठोकला आणि नोव्हेंबरमध्ये सभेच्या कामकाजात उठून बोलायला लागला. त्यानंतर लाखो लोकांनी विश्वनागरिक म्हणून नावं नोंदवली. फ्रान्समधल्या काओर शहराने १९४९ मध्ये आणि जपानमधल्या अयाबेने १९५० मध्ये आपलं शहर जगाचं म्हणून जाहीर केलं. विद्यार्थी, गृहिणी, माजी सैनिक, नगरपालिका यांच्या या खटपटीला 'लोकचळवळ' म्हणा, किंवा सरळ 'नागरिकांनी उभी केलेली चळवळ'. शहराच्या त्या घोषणेला फ्रेंच शब्दावरून 'मुंडिअलायझेशन' म्हणतात. 'विश्वनगर म्हणून घोषणा' पुरेसं आहे.

आणखी थोडं. 'फेडरलिस्ट'ला 'संघवादी' करू नका. महाराष्ट्रात 'संघ' एकट्याने आला की वाचकाला राष्ट्रीय स्वयंसेवक संघच आठवतो, आणि अर्थ पार वेगळा होतो. 'संघराज्यवादी' लांब आहे, पण निःसंदिग्ध आहे. 'ग्लोबल गव्हर्नन्स' आणि 'वर्ल्ड गव्हर्नमेंट' एकच नव्हेत. पहिल्यात सरकार नसताना करार, संस्था आणि वाटाघाटींतून कारभार चालतो, म्हणून 'जागतिक कारभार'. आपल्या जुन्या शब्दाला इथे छान काम मिळतं. संघटनांची नावं भाषांतरित न करता देवनागरीत जशीच्या तशी ठेवा: वर्ल्ड फेडरलिस्ट मूव्हमेंट, युनायटेड वर्ल्ड फेडरलिस्ट्स.

शेवटचा शब्द तुमच्या लेखात बहुधा येईलच, कारण वर्ल्ड फेडरलिस्ट मूव्हमेंटने १९९५ पासून त्यासाठी देशोदेशीच्या संस्थांची आघाडी बांधली: हेगचं 'इंटरनॅशनल क्रिमिनल कोर्ट'. १९९८ चा रोम करार, १ जुलै २००२ पासून अंमल. भारत त्यात सामील नाही. हे न्यायालय राष्ट्रांवर खटले चालवत नाही, माणसांवर चालवतं. माँत्रोच्या जाहीरनाम्यातली थेट व्यक्तीला लागू होणाऱ्या कायद्याची मागणी तेवढ्यापुरती प्रत्यक्षात आली. वर्तमानपत्रं कधी 'आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालय' लिहितात, कधी नुसतं 'आंतरराष्ट्रीय न्यायालय', आणि मग हेगमध्येच असलेल्या, राष्ट्राराष्ट्रांतले तंटे ऐकणाऱ्या दुसऱ्या न्यायालयाशी त्याची गल्लत होते. 'आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय' लिहा. फौजदारी आणि दिवाणी हा भेद आपल्या तालुक्याच्या कोर्टात पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला माहीत असतो.