विचारा, सांगतो: पालमचं मिग ओझरचं की रशियाचं?

प्रश्न: दिल्लीला मुलाकडे गेले होते. पालमच्या वायुसेना संग्रहालयात मिग-21 दिसलं, तसं नातवाला म्हटलं, ‘हे तुझ्या आजोबांच्या कारखान्यातलं.’ आमचे मिस्टर ओझरला मिगमध्येच होते. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हसले. म्हणाले, ‘आजी, मिग रशियाचं असतं.’ खरं काय? आणि नुसतं बघून ओळखता येतं का?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर: ताई, त्या गृहस्थांना आराखडा माहीत होता, कारखाना माहीत नव्हता. आराखडा रशियातल्या मिकोयान-गुरेविच यांच्या डिझाइन ब्युरोचा, त्यात वाद नाही. पण 1962 मध्ये आपण रशियाशी जो व्यवहार ठरवला, तो नुसता खरेदीचा नव्हता, इथे बनवायच्या परवान्यासकट होता. पहिली मोजकी विमानं तिकडून आली आणि 1963 मध्ये चंदिगडला 28 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेली. पुढच्या कारखान्यांच्या जागा ठरल्या त्या अशा: सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि लोकसभेवर ते 1963 मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध निवडून गेले होते. ओझरचा नंबर कसा लागला यावर कॅन्टीनमध्ये काय बोललं जायचं, ते तुमच्या मिस्टरांनीही ऐकलं असेल.

आता ओळखायचं कसं. पाटी वाचायच्या आधी नाकाकडे बघायचं. नाकाच्या तोंडातून जो सुळका पुढे येतो तो नाही, त्याच्या बाहेरून जी लांब सळई निघते ती. तिला पिटो म्हणतात, वेग मोजायला हवा तिच्यातून आत जाते. मिग-21 चे प्रकार बरेच, त्यात सळई नाकाच्या खालच्या बाजूला असेल तर ते एफ-13, म्हणजे सगळ्यात आधी आलेलं, रशियात बनलेलं. वर बरोब्बर मधोमध असेल तर बहुधा एफएल, आमच्या भाषेत टाइप 77. वरच पण पायलटच्या उजव्या हाताला सरकलेली असेल तर एम किंवा बिस.

तेवढ्यावर समाधान झालं नाही तर काचेकडे या. एफएलची अख्खी काच पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उचलली जाते. पायलटला बाहेर पडायची वेळ आली तर तीच काच सीटबरोबर सुटायची आणि वाऱ्याच्या तडाख्यापासून त्याची ढाल व्हायची. एम आणि बिसमध्ये समोरची काच पक्की, मागचा भाग उजवीकडे कलंडतो. पंखाखालीही वाका. एफएलला प्रत्येक पंखाखाली शस्त्र टांगायची एकच जागा, एमपासून पुढे दोन. बिसची पाठ तर एवढी भरलेली, की एकदा बघितली की पुन्हा चुकायला नको.

पालमला आहे ते एफएल. आणि एफएल म्हणजे ओझरने बनवायला घेतलेलं पहिलं मिग. सुरुवातीला सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि ओझरला जोडले जायचे, मग छोटे भाग इथे बनू लागले, नंतर कच्च्या मालापासून सगळं. मी ओझरला कामाला लागलो तेव्हा एफएल संपत आलं होतं, एमचं काम जोरात होतं. एक जण बाहेरून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा खिळा, मारायचा, दुसरा आत अंग चोरून लोखंडी ठोकळा धरून बसायचा. त्यासाठी अंगाने बारीक पोरं निवडायचे, आणि आतल्याच्या कानाचं काय व्हायचं ते विचारू नका. रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसलं पाहिजे, नख फिरवलं तर अडकता कामा नये. इन्स्पेक्टरला अडकलं की ड्रिल करून काढा आणि पुन्हा मारा. पुन्हा पालमला गेलात आणि हात लावायची परवानगी मिळाली, तर नातवाला पत्र्यावरून नख फिरवायला सांगा. त्यातलं एखादं रिव्हेट घरातलंही असू शकेल.

प्रश्न: मिग-21 ला तोफच नव्हती असं वाचलं. लढाऊ विमान आणि तोफ नाही?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: एफएलला नव्हती, खरं आहे. आधीच्या एफ-13 ला 30 मिलिमीटरची होती, ती पुढे काढून टाकली. साठच्या दशकात अमेरिकन काय नि रशियन काय, सगळ्यांची समजूत झाली होती की आता क्षेपणास्त्रंच लढतील. एफएलकडे दोन के-13 असायची, शत्रूच्या इंजिनाच्या उष्णतेमागे धावणारी. गंमत म्हणजे के-13 हीच अमेरिकन साइडवाइंडरची नक्कल. 1958 मध्ये एक साइडवाइंडर चिनी मिग-17 मध्ये न फुटता रुतून बसलं, ते रशियाच्या हाती लागलं.

तोफेशिवाय भागत नाही हे कळल्यावर पोटाखाली पेटी टांगली, जीपी-9 नावाची, आत 23 मिलिमीटरची दुनळी तोफ. पण ती जागा जादा इंधनाच्या टाकीची. तोफ घेतली की टाकी घरी, म्हणजे पल्ला कमी. तरी 1971 मध्ये तिने काम केलं. 12 डिसेंबरला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भरत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-104 स्टारफायटर पाडलं ते क्षेपणास्त्र चुकल्यावर, तोफेनेच. दोनच दिवसांनी, 14 तारखेला, 28 स्क्वाड्रनच्या मिगनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडली आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. एमपासून तोफ पोटातच बसवलेली आली.

प्रश्न: ‘उडती शवपेटी’ हे नाव मिग-21 ला शोभतं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: माणसं गेली, खूप गेली, ते नाकारत नाही. पण दोष एकट्या विमानाचा नव्हता. मिग-21 उतरायचं ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, आणि नवीन पोरगा किरण या शिकाऊंच्या संथ विमानावरून उठून थेट यात बसायचा. मधली पायरीच नव्हती. ती हवी असं अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने 1982 मध्ये सांगितलं. त्या पायरीची हॉक विमानं दाखल झाली 2008 मध्ये. हा हिशेब मांडणारे कमी, शवपेटी म्हणणारे फार. शेवटी 26 सप्टेंबर 2025 ला चंदिगडला निरोप समारंभ झाला, जिथे सुरुवात झाली होती तिथेच. आणि ओझरला 17 ऑक्टोबरला तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानाचं इथे बनलेलं पहिलं विमान उडालं.

सिडकोच्या वाचकाने मिग-27 चे पंख मागेपुढे कसे होतात ते विचारलंय. त्याला आकृती लागेल, म्हणून पुढच्या अंकात.